पाच पौंड, अकरा पौंड आणि वहिनींचा अंगठा

रात्री साडेनऊला फार्मसी बंद होते. मागच्या दारापासून कर्मचाऱ्यांच्या पार्किंगपर्यंत एकशे दहा पावलं. वहिनींनी ती मोजली होती, आणि त्यातली चाळीस अंधारात पडतात हेही त्यांना माहीत होतं. म्हणून मी त्यांचं म्हणणं पहिल्या फोनलाच मनावर घेतलं. ‘पिस्तूल घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ असं विचारणारे वर्षाला दहा-पंधरा तरी भेटतात. पावलं मोजून आलेल्या या पहिल्याच.

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आमची बऱ्यापैकी मराठी वस्ती आहे. मी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरवाला आणि शनिवारी सकाळी एका शूटिंग रेंजवर सेफ्टी ऑफिसर. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा कोणी ना कोणी काडतुसांचा विषय काढतंच. हे प्रकरण वहिनींना विचारून लिहितोय. त्यांची एकच अट होती : नाव नको, आणि अंगठ्याचं रडगाणं फार नको. पहिली पाळली आहे. दुसरी पाळणं शक्य नाही, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

वहिनी फार्मासिस्ट. वय ५२, उंची पाच फूट एक इंच, तळहात लहान. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात. मुलांना उघडता येऊ नयेत अशी ती दाबून फिरवायची झाकणं पंचवीस वर्षं उघडण्याचा हा प्रसाद, असं त्या म्हणतात. दादा, म्हणजे त्यांचा नवरा, कॉलेजात मला दोन वर्षं पुढे. घरात पंधरा वर्षांचा मुलगा.

दोघंही आता अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यामुळे कायद्याचा पहिला अडसर नव्हता. हे मुद्दाम सांगतो. एच-१बीवर आलेली पोरं मित्राबरोबर रेंजवर जातात, हौस जडते आणि थेट दुकान गाठतात. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगण्याला इथल्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद. ग्रीन कार्ड झालं की ही बंदी लागू होत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर बाळगता येतं. तरी मी परवाना काढायला लावतो. त्या निमित्ताने निदान पाट्या वाचायला शिकतात : ३०.०६ ची पाटी म्हणजे परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही, आणि बारवरचा लाल ५१ टक्के म्हणजे तिथे पिस्तूल अजिबात चालत नाही.

पण आमच्या कामाचा नियम कायद्यात सापडला नाही, वहिनींच्या नोकरीत सापडला. त्यांच्या कंपनीत कामाच्या जागी हत्यार आणायला मनाई. टेक्सासच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे मालकाला बहुतेक ठिकाणी कुलूपबंद गाडीत ठेवलेल्या पिस्तुलाला हरकत घेता येत नाही, म्हणजे ते गाडीपर्यंत येणार आणि तिथेच राहणार. मी वही काढून हिशेब मांडला. सकाळी घरी कमरेला लावायचं. पार्किंगमध्ये काढून पेटीत ठेवायचं. रात्री गाडीत बसल्यावर परत लावायचं. घरी पोचल्यावर काढायचं. दिवसाला चार वेळा, आठवड्याला वीस, वर्षाला हजार. 

आणि इथेच वहिनींनी तो प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता.

“भाऊजी, पिस्तूल गाडीत आणि अंधार दारापासून गाडीपर्यंत. मग ते काय कामाचं?”

खरंच होतं. त्या चाळीस पावलांचा उपाय पिस्तूल नव्हता. तो कंपनीला सांगून दिवा बसवून घेणं आणि सहकाऱ्याबरोबर बाहेर पडणं, हा होता. दिवा बसायला पाच आठवडे लागले, पण बसला. पिस्तूल उरलं ते पुढच्या प्रवासासाठी : रात्री पेट्रोल भरायला थांबणं, घराजवळच्या सामायिक गॅरेजमधून चालणं. तरीही त्यांना ते हवं होतं, आणि तो त्यांचा निर्णय. माझं काम एवढंच, की वर्षाला हजार वेळा हाताळलं जाणारं पिस्तूल त्यांच्या हाताला साजेसं असावं.

दादाने तोवर खरेदी सुरू केली होती. त्याने ऑनलाइन टोपलीत एक छोटं पिस्तूल आणि त्याबरोबर हलक्या ट्रिगरचा संच टाकला होता, साडेतीन पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढाच जोर लागणारा. “हिचा हात दुखतो ना, मग ट्रिगर हलकाच पाहिजे.” वर त्याचा पुरावा तयार. “आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं बघ. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर किमान एक किलोचा लागतो, दहा मीटर एअर पिस्तूलला तर अर्धा किलो. मी म्हणतोय तो दीड किलोच्या वर जातो. म्हणजे उलट जडच झाला!”

आकडे बरोबर होते. पण स्पर्धेतलं पिस्तूल पेटीतून येतं, पंचांच्या हुकमावर भरलं जातं, नळी कायम लक्ष्याकडे, आणि मालिका संपली की रिकामं करून दाखवावं लागतं. ते पोटाला चिकटून, कापडाखाली, भरलेल्या अवस्थेत गाडीत बसत-उठत नाही. मी दादाला म्हटलं, “राहीला तिचं पिस्तूल कमरेला लावून मंडईत भाजी घ्यायला पाठव, मग बोलू.” शिवाय कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगा बदलल्या की कधी कधी काडतुसाच्या टोपीवर पुरेसा ठोकाच बसत नाही आणि गोळी उडत नाही. टोपली रिकामी झाली. मात्र दादा रुसला, आणि पुढची दोन शनिवारं रेंजवर आलाच नाही. त्याचा फायदाच झाला.

मराठीत बोलताना एक घोळ आधी निस्तरावा लागतो. बोटाने ओढतो तो चाप, म्हणजेच ट्रिगर. मागे उभा राहून पुढे आपटतो तो घोडा. आपण दोन्हींना बिनदिक्कत घोडा म्हणतो. ट्रिगरचे प्रकार म्हणजे घोड्याची स्प्रिंग कोण ताणतं, याची वेगवेगळी उत्तरं. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा आधीच ताणून ठेवलेला. बोटाने फक्त अडकण सोडायची. म्हणून चाप हलका आणि आखूड, आणि म्हणूनच अशा पिस्तुलाला वेगळी सेफ्टीची कळ. डबल ॲक्शनमध्ये बोटच घोडा मागे नेतं आणि सोडतं. लांब, जड ओढ. डबल-सिंगल प्रकारात पहिली गोळी अशी जड, आणि नंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाताना घोडा आपोआप ताणला जातो म्हणून दुसरीपासून हलकी. स्ट्रायकर प्रकारात घोडाच नाही. आत एक सुईसारखा दांडा असतो, स्प्रिंगवर. ग्लॉकमध्ये तो अर्धवट ताणलेला राहतो आणि उरलेलं काम बोट करतं. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांत तो जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. ओढ दोन्हींत साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो, पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत सारखी. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक घेतलं तेव्हापासून जग हळूहळू याच बाजूला सरकत आलंय. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये निवडलेलं डबल-सिंगल बेरेटा २०१७ मध्ये सोडलं तेही स्ट्रायकरसाठीच.

पिस्तूल खाली पडलं तर उडेल का, ही भीती बहुतेकांना असते आणि ते तिची सांगड ट्रिगरच्या वजनाशी घालतात. ती वेगळी गोष्ट आहे. पडल्यावर सुई पुढे जाऊ नये म्हणून आत अडसर असतो आणि चाप ओढला तरच तो बाजूला होतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग कंपनीने आपल्या पी३२० पिस्तुलासाठी मोफत सुधारणा जाहीर केली ती पडण्याच्या चाचण्यांवरून गाजावाजा झाल्यानंतर. जड चाप तुम्हाला वाचवतो तो तुमच्याच बोटापासून आणि शर्टाच्या टोकापासून.

पहिल्या शनिवारी रेंजच्या भाड्याच्या कपाटातून तीन आणि माझं स्वतःचं एक, अशी चार पिस्तुलं टेबलावर मांडली. सोबत चाप मोजायचा काटा. हा माशाच्या बाजारातल्या हुकच्या काट्यासारखाच. हुक चापाला लावायचा, ओढायचं, खटका पडला की आकडा वाचायचा. प्रत्येकी पाच वेळा मोजून सरासरी घेतली. स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर : अकरा पौंडांच्या वर. माझं बेरेटा पीएक्स४ कॉम्पॅक्ट : पहिली ओढ साडेनऊ, नंतरची साडेचार. ग्लॉक ४३एक्स : पावणेसहा. स्मिथ अँड वेसनचंच ९ एमएम शील्ड ईझी : साडेचारच्या आसपास.

रिव्हॉल्व्हर दादाच्या आग्रहाखातर. त्याच्या सोलापूरच्या काकांकडे परवान्याचं .३२ आहे आणि त्याने ते आयुष्यात फक्त खंडेनवमीला पाहिलंय, हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या फुलांत. त्याच्या लेखी रिव्हॉल्व्हर म्हणजे सात्त्विक हत्यार. एका अर्थी त्याचं चुकत नव्हतं. ६४२ ला बाहेर घोडा नाही, अडकायला काही नाही, स्लाइड ओढायची कटकट नाही, आणि एवढी लांब ओढ चुकून होणं कठीण. पण गणित बघा. हे रिव्हॉल्व्हर रिकामं असताना जेमतेम चारशे ग्रॅमचं आणि त्याचा चाप ओढायला पाच किलोंचा जोर. वस्तूच्या वजनाच्या बारापट जोर एका बोटाने, आणि तो लावताना वस्तू हलू द्यायची नाही! वहिनींनी सात यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. दोन कागदावर, खाली डावीकडे, तीन कागदाबाहेर. चौथ्या गोळीला त्यांनी दोन बोटं चापात घातली होती.

माझं बेरेटा मला प्रिय आहे. इथे माझा पक्षपात कबूल करून टाकतो. मी स्वतः डबल-सिंगलवाला. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, सरकवताना अंगठा घोड्यावर टेकवून ठेवता येतो. चापात काही अडकलं तर घोडा मागे येऊ लागतो, अंगठ्याला कळतं आणि हात थांबतो. वर्षाला हजार वेळा काढ-घाल करणाऱ्याला याहून चांगलं काय, असं मी मनात ठरवूनच आलो होतो. वहिनींच्या हातात दिलं आणि माझं ठरवणं तिथेच विरलं. चाप पुढे असताना त्यांच्या तर्जनीचं फक्त टोक तिथे पोचत होतं. पहिली गोळी खाली गेली. दुसरीच्या वेळी त्या तशाच जड ओढीच्या तयारीत होत्या, चाप हलका निघाला आणि गोळी त्यांना कळायच्या आत सुटली. लागली छताजवळच्या रबरावर. सुरक्षित दिशेला होती, पण वहिनींचा चेहरा पांढरा पडला. आणि घोड्यावर अंगठा ठेवायचा, कळ दाबून घोडा खाली उतरवायचा, ही सगळी कामं कोणाची? त्या दुखऱ्या अंगठ्याची. ज्या गुणासाठी मी ते आणलं होतं, तोच त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

ग्लॉकवर दहापैकी नऊ गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात. अडचण स्लाइडची. चिमटीत धरून ती मागे ओढताना अंगठ्याच्या बुडात कळ यायची. पालथा हात स्लाइडवर ठेवून, पिस्तूल छातीजवळ आणून पुढे ढकलायचं, अशी युक्ती शिकवली. पाचात तीनदा जमली. शील्ड ईझीची स्लाइड मात्र त्यांनी पहिल्याच झटक्यात ओढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आतापर्यंत मुद्दाम त्रास देत होतो. ईझी दिसतं स्ट्रायकरसारखं, पण आत लपवलेला घोडा आहे, सिंगल ॲक्शन. मुठीच्या मागे एक पट्टी, ती नीट आवळल्याशिवाय चाप चालत नाही. शिवाय हवी असल्यास दोन्ही बाजूंना अंगठ्याची सेफ्टी. आठ गोळ्यांचं मॅगझिन. दहाच्या दहा वर्तुळात.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण कागदावरची भोकं अर्धीच गोष्ट सांगतात.

दुसऱ्या शनिवारी गोळ्या आणूच दिल्या नाहीत. नकली काडतुसं, टायमर आणि फोनचा स्लो मोशन कॅमेरा. बीप वाजली की होल्स्टरमधून काढून लक्ष्यावर आणायचं, एवढंच. दहा वेळा केलं. नंतर बाकावर बसून चित्रफीत पाहिली. दहापैकी चार वेळा पिस्तूल अजून कमरेशी तिरकं असताना तर्जनी चापाच्या कडीच्या आत गेलेली होती. नळी त्यांच्याच मांडीकडे. वहिनींना पटेना. “मी बोट सरळ ठेवलं होतं, मला नक्की आठवतंय.” तिसऱ्यांदा पाहिल्यावर गप्प झाल्या. बोट आपल्याला विचारून आत जात नाही. मुठ आवळली की तेही सोबत आवळतं. 

म्हणजे पेच असा : जो चाप त्यांना झेपतो, तो या बोटासाठी फार हलका, आणि या बोटाला आवर घालेल इतका जड चाप त्यांना झेपत नाही.

हाच पेच एका अख्ख्या शहराला पडला होता, आणि त्याची गोष्ट मी वहिनींना त्या बाकावरच सांगितली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून ९ एमएम पिस्तुलांकडे जायचं ठरवलं. हजारो शिपाई, सगळ्यांची बोटं रिव्हॉल्व्हरच्या लांब, जड ओढीला सरावलेली. हलक्या चापाने चुकून गोळ्या सुटतील ही भीती. म्हणून ग्लॉकमध्ये वेगळी स्प्रिंग घालून ओढ बारा पौंडांच्या घरात नेली, कारखान्याच्या मापाच्या दुपटीहून जास्त. भीती अगदी निराधार नव्हती. राजधानी वॉशिंग्टनच्या पोलिसांनी साधं, साडेपाच पौंडांचं ग्लॉक घेतलं आणि प्रशिक्षणात हात आखडला. १९९८ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने मागच्या दहा वर्षांचा हिशेब काढला तेव्हा चुकून उडालेल्या गोळ्यांची प्रकरणं शंभराच्या वर निघाली. पण न्यूयॉर्कनेही किंमत मोजलीच. २००८ च्या रँड संस्थेच्या अहवालाने हलक्या ट्रिगरचा विचार करा असं सुचवलं. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर, एक खून करून आलेल्या सशस्त्र माणसावर दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला, आणि रस्त्यावरची नऊ माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. सगळं खापर चापावर फोडणं चूक ठरेल. गर्दी होती, काही सेकंदांचा खेळ होता. पण बारा पौंडांच्या ओढीवर नेम धरणं किती अवघड, हा विषय त्यानंतर कोणाला टाळता आला नाही. २०२१ मध्ये नव्या भरतीच्या शिपायांना हलक्या ट्रिगरची पिस्तुलं देण्याचं ठरलं.

“म्हणजे एकांनी स्प्रिंगवर भागवलं आणि दुसऱ्यांनी तेही केलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “शिकवलं कोणीच नाही.” 

इतकं सरसकट नाही म्हणता येणार, पण बाकावर वाद घातला नाही.

मग आमचं खरं मतभेदाचं ठिकाण आलं. माझी शिफारस होती ग्लॉक ४३एक्स, कळबिळ काही नसलेलं. कारण माझा अनुभव असा, की घाईत सेफ्टीची कळ खाली करायची, म्हणजे चाप मोकळा करायचा, राहून जाते. रेंजवर नुसत्या टायमरच्या दडपणाखाली मी चांगल्या चांगल्यांना बंद कळीचं पिस्तूल घेऊन चाप ओढत उभे राहिलेले पाहिलंय. स्लाइडची युक्ती महिनाभरात बसली असती. वहिनींना मात्र ईझीच हवं होतं, आणि तेही अंगठ्याच्या कळीसकट.

“भाऊजी, मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज रात्री झोपताना गॅसच्या रेग्युलेटरची कळ बंद केलीय. पुण्यात केली, इथे सिलिंडर नाही तरी शेगडीची बटणं हात लावून बघते. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. तुम्ही म्हणता ती कळ मी विसरेन असं तुम्हाला वाटतं, मला नाही वाटत.”

मी म्हटलं, गॅस बंद करायला आठवणं आणि घाबरलेले असताना चालू करायला आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर त्यांचं उत्तर : मग चालू करायचीच सवय लावा. अंगठ्याचं काय, असं मी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांनी कळ दहा वेळा खाली-वर करून दाखवली. दुखतं ते चिमटीत ओढताना. खाली सरकवताना नाही.

शेवटी तेच घेतलं. नियम मात्र माझे. कळ खाली जाणार ती पिस्तूल लक्ष्याच्या रेषेत आल्यावरच, होल्स्टरमधून निघतानाच नाही. म्हणजे बोट लवकर आत घुसलंच तर त्याला बंद दार लागेल. परत ठेवताना आधी कळ वर, मग बोट सरळ, मग डोळे होल्स्टरकडे, आणि घाई कसलीच नाही. रोज रात्री दहा मिनिटं, खोलीत एकही जिवंत काडतूस नसताना, वीस वेळा. मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवायचं, नुसतं खिशात नाही.

हजार वेळांच्या हिशेबाचं उत्तर शेवटी पिस्तुलातही मिळालं नाही. ते होल्स्टरमध्ये मिळालं. आधी वहिनींनी एक सुंदर मऊ चामड्याची पर्स आणली होती, पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली, मैत्रिणीने दिलेली. मी त्यांच्या रोजच्या पर्समधल्या वस्तू टेबलावर ओतायला सांगितल्या : किल्ल्या, दोन पेनं, लिपस्टिक, बडीशेपेची डबी, एक केसांची पिन. कप्पा वेगळा असला तरी मऊ. बाहेरून पेनाने दाबून पाहिलं तर चापाच्या कडीपर्यंत सहज पोचत होतं. पर्स परत गेली. त्याऐवजी कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर, चाप पूर्ण झाकणारं, कमरपट्ट्याला पक्की पकड असलेलं. आणि मुख्य म्हणजे काढताना पिस्तूल उपसायचं नाही. क्लिप सोडवून होल्स्टरसकट काढायचं, होल्स्टरसकट पेटीत ठेवायचं, रात्री होल्स्टरसकट परत लावायचं. पेटीची तार सीटच्या लोखंडी पट्टीला गुंडाळलेली. अशा तऱ्हेने त्या हजार वेळांपैकी जवळजवळ एकाही वेळी चाप उघडा पडत नाही. हे आधी सुचलं असतं तर मी पहिल्या शनिवारी माझं बेरेटा एवढ्या प्रेमाने मांडलं नसतं. घोड्यावर अंगठा ठेवायची वेळच येत नाही.

फार्मसीतल्या नाडीच्या पँटवर क्लिप टिकेना, म्हणून रात्रपाळीच्या दिवशी पट्ट्याची पँट. मंडळाच्या कार्यक्रमांना काहीच नाही. आमचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो आणि तिथे हत्यार चालत नाही. घरी कपाटात बोटांच्या कोडने उघडणारी तिजोरी. मुलाच्या हाती भरलेली बंदूक पडेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये आईबापांवरचा गुन्हा आहे, हे दादाला सांगितल्यावर तो पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला, आणि तिजोरी त्याने स्वतः भिंतीत ठोकून बसवली. कोड मात्र वहिनींनी ठरवला, आणि त्याला सांगितला नाही असा त्याचा दावा आहे.

सहा आठवड्यांनी पुन्हा चित्रफीत काढली. दहापैकी शून्य वेळा बोट आत. एकदा कळ खाली करायची राहिली. चाप हलेना, अर्ध्या सेकंदात लक्षात आलं, अंगठा खाली गेला. तो अर्धा सेकंद मी वहीत लिहून ठेवलाय, कारण माझं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं होतं. परवान्याच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी १७५ गुण लागतात. वहिनींना २३४. गेले ते बहुतेक पंधरा यार्डांवरचे.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि त्या नवं जॅकेट घालून रेंजवर आल्या. कमरेशी आवळायची दोरी, टोकाला प्लास्टिकचा गोल मणी. मी काही बोलायच्या आत त्यांनी पर्समधून कात्री काढली, दोन्ही बाजूंची दोरी मुळापासून कापली आणि मणी माझ्या टेबलावर ठेवले. ते अजून तिथेच आहेत, चाप मोजायच्या काट्याशेजारी.